एमआरआयमध्ये ‘मेंदू आकसलाय’ असं आलं, म्हणजे स्किझोफ्रेनिया पक्का का?

प्रश्न नाशिकच्या सिडकोतल्या एका वडिलांचा आहे. मुलगा २४ वर्षांचा, अंबडला कारखान्यात कामाला. चार महिन्यांपासून शेजारी कट करतायत असा संशय, कानात बोलणारे आवाज, झोप उडालेली, जेवण तुटलेलं. मानसोपचारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया सांगून महिन्यापूर्वी रिस्पेरिडोन हे भास-संशय कमी करणारं औषध (अँटिसायकोटिक) सुरू केलं. नातेवाइकांच्या आग्रहावरून मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये चार गोष्टी आल्या: माइल्ड डिफ्यूज सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी, प्रॉमिनन्ट लॅटरल व्हेंट्रिकल्स, केव्हम सेप्टम पेल्युसिडम आणि मेंदूच्या पांढऱ्या भागात तीन-चार नॉनस्पेसिफिक, म्हणजे कुठल्याही एका आजाराकडे बोट न दाखवणारे, ठिपके. आता घरच्यांचं म्हणणं असं की मेंदू सुकलाय, मेंदूत पाणी झालंय, गोळ्यांनीच हे झालं, सर्जनला दाखवा. धाकट्या बहिणीचाही एमआरआय काढून घ्यावा का, हाही प्रश्न आहे.

आधी थेट उत्तर. या रिपोर्टमध्ये ऑपरेशन लागेल असं काही नाही, आणि आजार सिद्ध होईल असंही काही नाही. तुमच्या मुलाचं निदान त्याच्याशी आणि तुमच्याशी बोलून झालं आहे. ते बरोबर असेल तर हा रिपोर्ट पूर्ण नॉर्मल आला असता तरी बरोबरच राहिलं असतं.

तरीही मेंदूची रचना आणि हे आजार यांचा संबंध आहे, आणि तो खरा आहे. १९७६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट स्किझोफ्रेनियाच्या १७ रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्या, म्हणजे व्हेंट्रिकल्स, निरोगी लोकांपेक्षा मोठ्या निघाल्या. त्यानंतर चाळीस वर्षं हेच वेगवेगळ्या मशीनवर पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. २०१६ मध्ये ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने स्किझोफ्रेनियाच्या २०२८ रुग्णांची २५४० निरोगी लोकांशी तुलना केली. मेंदूच्या खोल भागांपैकी सगळ्यात ठळक फरक हिप्पोकॅम्पसमध्ये होता. नवीन आठवण साठवायचं काम करणारा हा भाग कानाच्या पातळीवर, आत, दोन्ही बाजूंना असतो. त्याखालोखाल अमिग्डाला आणि थॅलॅमस लहान, आणि व्हेंट्रिकल्स मोठ्या.

पण ‘सगळ्यात ठळक’ म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण ३ ते ४ घन सेंटिमीटरचा असतो. सरासरी घट चारेक टक्के धरली तर फरक येतो ०.१५ घन सेंटिमीटरच्या आसपास. ड्रॉपरमधून पाण्याचे तीन थेंब पाडा, तेवढाच. निरोगी माणसा-माणसांत हा भाग यापेक्षा कितीतरी जास्त कमी-अधिक असतो.

द्राक्षाच्या भाषेत सांगतो, कारण ते इकडे पटकन कळतं. शेजारशेजारच्या दोन प्लॉटचे हजार-हजार मणी मोजले आणि एका प्लॉटची सरासरी अर्धा मिलिमीटर कमी भरली, तर त्या प्लॉटला पाणी किंवा खत कमी पडलं असं तुम्ही खात्रीने म्हणाल. पण एक सुटा मणी हातात देऊन ‘हा कुठल्या प्लॉटचा?’ विचारलं तर दिंडोरीचा मुरलेला बागायतदारही सांगू शकणार नाही. एनिग्माचे आकडे तसेच आहेत. रुग्ण आणि निरोगी या दोन गटांची हिप्पोकॅम्पसची मापं ८० टक्क्यांहून जास्त एकमेकांवर चढलेली आहेत. एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस अशा शंभर जोड्या कशाही लावल्या, तर साधारण ६३ जोड्यांत रुग्णाचा भाग लहान निघेल आणि ३७ जोड्यांत निरोगी माणसाचा. एवढ्यावर एका मुलाचं निदान कुणी करू नये.

मग संशोधकांना फरक दिसतो आणि आपल्याला फिल्मवर दिसत नाही, असं का? याचं सगळ्यात छान उत्तर १९९० च्या एका अभ्यासात आहे. जुळ्या भावंडांच्या पंधरा जोड्या घेतल्या. एकसारखी जुळी, म्हणजे जनुकं तीच, घर तेच. पण एकाला स्किझोफ्रेनिया आणि दुसरा निरोगी. पंधरापैकी चौदा जोड्यांत आजारी भावंडाचा डावा हिप्पोकॅम्पस पुढच्या बाजूने लहान होता. बारा जोड्यांत तर नुसत्या डोळ्यांनी पोकळ्यांचा आकार बघून आजारी कोण ते ओळखता आलं. म्हणजे आजाराची खूण मेंदूत असते, पण ती वाचायला तुलनेसाठी त्याच माणसाची निरोगी प्रत लागते. तुमच्या मुलाचा मेंदू आजारी पडला नसता तर किती मोठा असता, हे आपल्याला माहीत नाही. रेडिओलॉजिस्ट तो सरसकट त्या वयाच्या लोकांशी ताडून बघतात, आणि तिथे हे तीन थेंब बुडून जातात.

दुसरं म्हणजे ही खूण एकट्या स्किझोफ्रेनियाची नाही. बायपोलरमध्येही, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी नैराश्य येणाऱ्या आजारातही, हिप्पोकॅम्पस लहान आढळतो, फरक साधारण निम्मा. दीर्घ नैराश्यात त्याहून कमी. दारूच्या व्यसनात, लहानपणी खूप मार किंवा अत्याचार सोसलेल्यांत, बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांतही तो लहान मिळतो.

‘सुकला’ हा शब्द मात्र घरातून काढून टाका. सुकणं म्हणजे पेशी मरणं, जसं अल्झायमरमध्ये होतं. स्किझोफ्रेनियात मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत पेशी मेल्यावर उरतो तसा व्रण सापडत नाही. पेशी बहुतांशी जागेवर असतात, त्यांच्या फांद्या आणि एकमेकींशी असलेले जोड विरळ झालेले असतात. किशोरवयात प्रत्येकाच्याच मेंदूत नको असलेल्या जोडांची छाटणी होते, ती आरोग्याचीच गोष्ट आहे. एप्रिलची खरड छाटणी केल्याशिवाय बाग धरत नाही, तसंच. स्किझोफ्रेनियात ही छाटणी जरा जास्त खोल जात असावी, असा अंदाज १९८० च्या दशकापासून मांडला गेला आहे. २०१६ मध्ये सी-४ नावाच्या जनुकावरच्या कामाने त्याला वजन आलं. ज्यांच्यात हे जनुक जास्त सक्रिय, त्यांना आजाराचा धोका थोडा जास्त, आणि उंदरांत हेच जनुक जोड काढून टाकण्याच्या कामात भाग घेताना दिसलं. ही अजून पूर्ण सुटलेली गोष्ट नाही. पण आजार साधारण १६ ते ३० या वयातच का डोकं वर काढतो, याचा काही अर्थ त्यातून लागतो.

आता तुमचा रिपोर्ट, शब्दाशब्दाने.

‘माइल्ड डिफ्यूज अ‍ॅट्रॉफी’ हे बहुतेक वेळा नजरेने दिलेलं मत असतं, मोजलेलं नसतं. आणि २४ व्या वर्षी त्याचं पहिलं कारण शोधायचं ते ताटात. चार महिने धड न जेवलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या, वजन उतरलेल्या माणसाचा मेंदू स्कॅनवर आकसलेला दिसतो, आणि वजन परत आलं की बराचसा भरूनही येतो. दारूचंही तसंच आहे, बंद केल्यावर काही आठवडे-महिन्यांत फरक पडतो. शिवाय मशीनमध्ये डोकं हललं की मेंदूचा करडा थर आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो, आणि अस्वस्थ मुलगा हलतोच. त्यामुळे पहिला प्रश्न हा की गेल्या चार महिन्यांत वजन किती किलो उतरलं? दुसरा प्रश्न दारूचा. तो मुलाला एकट्याला विचारायचा, वडिलांसमोर नाही.

‘प्रॉमिनन्ट व्हेंट्रिकल्स’ म्हणजे ‘डोक्यात पाणी’ नव्हे. पाणी तिथे सगळ्यांच्याच असतं. शंका असेल तर मोजायची सोपी रीत आहे, इव्हान्स इंडेक्स. ज्या आडव्या छेदात पुढच्या दोन्ही शिंगांसारख्या पोकळ्या सर्वांत रुंद दिसतात, तिथे त्यांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी घ्यायची, आणि तिला त्याच छेदातल्या कवटीच्या आतल्या जास्तीत जास्त रुंदीने भागायचं. समजा ३३ मिलिमीटर आणि १३२ मिलिमीटर, तर भागाकार ०.२५. ०.३ च्या वर गेला तर पोकळ्या खरोखर मोठ्या आहेत असं धरतात, आणि मग पाण्याचा मार्ग कुठे अडलाय का ते बघावं लागतं. रिपोर्टवर आकडा नसेल तर सेंटरला फोन करून विचारा. सीडीवरून दोन मिनिटांत मोजता येतो.

‘केव्हम सेप्टम पेल्युसिडम’ हे नावच घाबरवणारं आहे. मेंदूच्या मधल्या पातळ पडद्याचे दोन पदर असतात. जन्माच्या वेळी बहुतेक बाळांत त्यांच्यामध्ये फट असते, आणि पहिल्या काही महिन्यांत ती मिटते. कुणाकुणात थोडी उरते. मोठी फट, साधारण ६ मिलिमीटरच्या पुढची, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत जरा जास्त सापडते असं काही अभ्यासांत आलं आहे. पण अशी फट घेऊन आयुष्यभर दुकान चालवणारी, शाळेत शिकवणारी माणसं ढिगाने आहेत. तिला सर्जन लागत नाही.

तीन-चार पांढरे ठिपके मायग्रेन, सिगारेट, ब्लडप्रेशर यांत दिसतात, आणि काहीही नसतानाही दिसतात. काळजी कधी करायची? ठिपके बरेच असतील आणि पोकळ्यांच्या कडेला काटकोनात उभे असतील, किंवा दोन्ही बाजूंना सारखा, एकसंध पसरलेला पांढरेपणा असेल तेव्हा. पहिला प्रकार मल्टिपल स्क्लेरोसिसकडे बोट दाखवतो आणि दुसरा पांढऱ्या भागाच्या आनुवंशिक आजारांकडे. त्यांतला मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी हा आजार तरुणपणी हुबेहूब स्किझोफ्रेनियासारखा सुरू होऊ शकतो. तुमच्या रिपोर्टमध्ये यातलं काही लिहिलेलं नाही.

गोळ्यांनी झालं का? एक महिन्याच्या रिस्पेरिडोनने असा रिपोर्ट येत नाही. एकही गोळी न घेतलेल्या, पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांतही सरासरी फरक सापडलेले आहेत. पण प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. माकडांना १७ ते २७ महिने हॅलोपेरिडॉल किंवा ओलॅन्झापिन दिल्यावर त्यांच्या मेंदूचं वजन ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरलं होतं, आणि ती माकडं निरोगी होती. माणसांतही बरीच वर्षं, जास्त डोसमध्ये ही औषधं घेण्याशी थोडी घट जोडलेली आहे. म्हणून डोस लागेल तेवढाच ठेवायचा, दोन-तीन अँटिसायकोटिक एकत्र चालवायची नाहीत आणि दर काही महिन्यांनी डोसचा आढावा घ्यायचा. औषध बंद मात्र करायचं नाही. त्याचा हिशेब असा: २०१२ मध्ये ६५ चाचण्या एकत्र करून पाहिलं, तर सात ते बारा महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण औषध चालू असलेल्यांत २७ टक्के होतं, आणि औषधाऐवजी नुसती रिकामी गोळी घेणाऱ्यांत ६४ टक्के. उलटलेल्या प्रत्येक आजारात नोकरी जाते, लग्न मोडतं, कधी जीवही जातो. ते नुकसान एमआरआयमध्ये मोजता येत नाही.

लिथियमची गोष्ट उलटी आहे. बायपोलरचे जे रुग्ण ते घेतात त्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी जाड मिळतो. त्यातला किती भाग खरी वाढ आणि किती पाणी, यावर वाद आहे. तुमच्या मुलाला लिथियम नाही, पण हे वाचणाऱ्यांत कुणी घेत असेल तर एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. निर्जळी उपवास, एप्रिल-मेच्या उन्हात बागेत दिवसभर काम, जुलाब-उलट्या, आणि कंबर दुखते म्हणून स्वतःच्या मनाने आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक या चारही गोष्टींनी रक्तातलं लिथियम चढतं. हात जोरात थरथरायला लागले, चाल अडखळली, जीभ जड झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. रक्तातली पातळी बघताना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनीच रक्त द्यायचं. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा खोटा येतो.

मग एमआरआय काढायचाच कशाला? सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. एमआरआय स्किझोफ्रेनिया शोधायला काढत नाहीत. स्किझोफ्रेनियाचं सोंग घेऊन आलेला दुसरा आजार नाही ना, हे बघायला काढतात. पहिल्यांदा भास-संशय झालेल्या १६१३ रुग्णांचे एमआरआय २०२३ मध्ये एकत्र तपासले गेले. सुमारे २६ टक्क्यांत काही ना काही वेगळं दिसलं, पण उपचार बदलावे लागतील असं फक्त सहाएक टक्क्यांत सापडलं. हे सहा टक्के चुकवायचे नाहीत आणि बाकीच्या वीस टक्क्यांना उगाच घाबरवायचं नाही, एवढंच या तपासणीचं काम.

त्या सहांत कोण सापडतं? कपाळामागे हळूहळू वाढलेली मेनिन्जिओमाची गाठ: पन्नाशीतला माणूस, आधी निरिच्छ, मग तऱ्हेवाईक, वास येईनासा झालेला, आणि घरचे म्हणतात ‘डिप्रेशन आहे’. मेंदूत टेपवर्मच्या अळ्या, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस: गोल पोकळी आणि आत एक टिंब. ‘आम्ही माळकरी, डुकराचं मांस कसं खाणार’ असं लोक म्हणतात, पण मेंदूतला हा आजार होतो तो अंडी पोटात जाऊन, आणि ती न धुतलेल्या कोथिंबीर-गाजरावरूनही जातात. टीबीची गाठ किंवा टीबीचा मेंदूज्वर. दारू पिणाऱ्या किंवा रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसात, न्हाणीघरात घसरल्याला दीड महिना झाल्यावर कवटीखाली साचलेलं रक्त. घरचे तोवर पडल्याचं विसरलेले असतात. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या जुन्या अपघातातला कपाळाच्या भागाचा मार. बाळंतिणीला वेड लागल्यासारखं झालं आणि सोबत डोकं ठणकतंय किंवा फिटचा झटका आला, तर मेंदूच्या शिरेतली गुठळी. तरुण मुलाला कंप, बोबडेपणा आणि पूर्वी होऊन गेलेली कावीळ असेल तर तांबं साठण्याचा विल्सन्स आजार. त्यात एमआरआयसोबत रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन आणि डोळ्याच्या डॉक्टरांकडून बुबुळाच्या कडेचं कडं बघून घ्यावं लागतं.

एक आजार वेगळा सांगायला हवा, कारण तिथे नॉर्मल एमआरआय फसवतो. एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडी मेंदूवर उलटून येणारी मेंदूची सूज, २००७ मध्ये ओळखला गेलेला. बहुतेक रुग्ण तरुण मुली. आठवडाभर डोकेदुखी-ताप, मग काही दिवसांतच भास, ओरडणं, झोप बंद. पुढे तोंडाच्या चघळल्यासारख्या हालचाली, झटके, शरीर ताठणं, ब्लडप्रेशर आणि नाडी वरखाली. अँटिसायकोटिकच्या थोड्या डोसनेही अंग कडक होतं. ५७७ रुग्णांच्या मोठ्या नोंदीत यातल्या फक्त ३३ टक्क्यांचा एमआरआय बिघडलेला होता; ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी, मात्र ९० टक्क्यांचा. निदान होतं पाठीतलं पाणी काढून त्यातली अँटिबॉडी तपासून, आणि मुलींत अंडाशयात गाठ आहे का हेही बघतात. वेळेत उपचार झाले तर बहुतेक जणी उभ्या राहतात. ‘एमआरआय क्लिअर आहे, म्हणजे मानसिकच’ किंवा ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून दिवस घालवले तर जीव जातो.

म्हणून एमआरआय कधी टाळायचा नाही ते लक्षात ठेवा. आजार चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आला असेल. काही दिवसांतच एकदम उसळला असेल. ताप, झटके, गुंगी किंवा क्षणात शुद्धीत क्षणात भ्रमात असं असेल. आवाजांपेक्षा माणसं-प्राणी दिसणं किंवा घाण वास येणं जास्त असेल. सकाळी डोकेदुखी आणि उलटी, एका बाजूची शक्ती कमी, चाल बिघडलेली, कपड्यात लघवी, झपाट्याने विसरभोळेपणा यांपैकी काही असेल. एचआयव्ही, टीबी, कॅन्सर किंवा डोक्याला मार असा इतिहास असेल. यातलं काही नसेल तर एमआरआय दोन आठवडे थांबला म्हणून बिघडत नाही. रक्त मात्र पहिल्याच भेटीत तपासायला हवं: हिमोग्लोबिन, साखर, लिव्हर, क्रिएटिनिन, सोडियम, कॅल्शियम, थायरॉइड, एचआयव्ही, व्हीडीआरएल (गरमीची तपासणी) आणि बी-१२. शाकाहारी घरांत शेवटचं कधीच विसरू नका. एमआरआयच्या हट्टापायी बी-१२ राहून गेलं, असं व्हायला नको.

एमआरआय काढायला जाताना काय चुकतं तेही सांगतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन, सायकोसिस’ असेल तर रेडिओलॉजिस्टला काय शोधायचं ते कळत नाही आणि रिपोर्ट मोघम येतो. चिठ्ठी अशी हवी: ‘वय २४, चार महिने भास-संशय, ताप नाही, झटके नाहीत, डोक्याला मार नाही, वजन ७ किलो कमी, गाठ, संसर्ग, जुना मार, पांढऱ्या भागाचा आजार आहे का पाहावे’. नेहमीच्या तपासणीत छेद ५ मिलिमीटर जाडीचे असतात. हिप्पोकॅम्पस नीट बघायचा असेल, फिट्सचा संशय असेल, तर १ मिलिमीटरचे पातळ छेद आणि हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेले उभे छेद मागावे लागतात. कॉन्ट्रास्ट सरसकट लागत नाही. गाठ, संसर्ग किंवा सूज यांचा संशय असेल तरच, आणि त्याआधी क्रिएटिनिन बघून.

मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना, गळ्यातला ताईत, कंबरेचा करदोटा हे सगळं घरूनच काढून जा. घट्ट झालेली जोडवी साबण लावून आदल्या रात्री काढा, मशीनच्या दारात ओढाताण नको. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र, मेंदूतली जुनी क्लिप, डोळ्यात कधी उडालेला लोखंडाचा कण (वेल्डिंग-ग्राइंडिंगवाल्यांनी नक्की आठवावं) हे आधी सांगा. हाडातल्या सळ्या-प्लेट बहुतेक चालतात, पण ऑपरेशनचा कागद सोबत ठेवा.

आणि मुलाला काय होणार ते आधी सांगा. ‘यंत्र माझे विचार वाचतं’ असा संशय असलेल्या माणसाला न सांगता त्या नळकांड्यात सरकवलं, वर धडधड आवाज सुरू झाला, तर संशय पक्का होतो आणि पुढच्या वेळी तो औषधालाही नाही म्हणतो. शांतपणे सांगायचं: वीस-तीस मिनिटं, मोठा आवाज, कानात बोळे घालतील, हातात दाबायचा फुगा देतील, तो दाबला की बाहेर काढतील. घाई नसेल तर औषधाने दोन-तीन आठवड्यांत मुलगा निवांत झाल्यावर काढा, फोटोही स्वच्छ येतो. झोपेचं औषध द्यायचं ठरलं तर किती तास उपाशी राहायचं ते सेंटरला विचारा. तातडी आहे आणि मुलगा स्थिर राहतच नाही, तर सीटी काही सेकंदांत होतो. त्यात रक्तस्राव, मोठी गाठ, तुंबलेलं पाणी दिसतं. एन्सेफलायटिस मात्र सीटीच्या नजरेतून निसटू शकतो. सुरगाणा-पेठकडून एसटीने येणाऱ्यांना दुसरी फेरी परवडत नाही, म्हणून निघतानाच रिपोर्टसोबत सीडी मागून घ्या. नुसत्या फिल्मवर पुढच्या डॉक्टरला मोजता येत नाही.

दर वर्षी एमआरआय नको. मशीन बदललं की मापं बदलतात आणि नसलेली ‘घट’ कागदावर येते. नवीन झटका, नवीन अशक्तपणा, बुद्धी घसरत जाणं किंवा आजाराचं रूपच बदलणं असेल तर पुन्हा काढा, आणि जुनी सीडी नेऊन त्याच सेंटरवर काढा.

बहिणीला काही त्रास नसेल तर तिचा एमआरआय काढू नका. सर्वसाधारण लोकांत स्किझोफ्रेनियाचा धोका शंभरात एकाच्या आसपास, सख्ख्या भावंडाला शंभरात नऊच्या आसपास. म्हणजे नव्वदहून जास्त भावंडांना तो होत नाही, आणि कुणाला होणार ते एमआरआय सांगू शकत नाही. उलट एखादा निरुपद्रवी ठिपका निघाला तर तिच्या लग्नाच्या बोलण्यात तो आयुष्यभर फिरत राहील. तिच्याबाबत करायचं ते एवढंच: गांजापासून लांब, आणि झोप, अभ्यास, मैत्रिणी अचानक सुटल्या तर लवकर दाखवणं.

‘ब्रेन मॅपिंग’, संगणकाने काढलेले मेंदूच्या मापांचे रंगीत तक्ते, स्टेम सेल यांवर पैसे घालवू नका. पहिल्या दोन्हींनी स्किझोफ्रेनियाचं निदान होत नाही. स्टेम सेल या आजारात मान्य उपचार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार असे प्रयोग मंजूर चाचणीबाहेर करताच येत नाहीत. त्र्यंबकेश्वरला पूजा करायची असेल तर करा, मी त्याच्या आड येणार नाही. फक्त त्या दिवसांतही गोळी चुकवू नका आणि मुलाला उपाशी ठेवू नका.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी एमआरआय लागतो असं एजंट सांगतात, ते खोटं आहे. मानसिक आजाराचं अपंगत्व ‘आयडियाज’ या मोजपट्टीवर ठरतं: स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, संवाद-समज, काम, आणि आजाराला किती वर्षं झाली. मेंदू नॉर्मल दिसला म्हणून टक्के कमी होत नाहीत.

पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर वजन, कंबरेचं माप, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल लिहून न्या. रिस्पेरिडोनवर ही चार मापं सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग दर वर्षी लागतात. त्याच कागदाच्या मागे रात्री किती तास झोपला, आवाज दिवसातून किती वेळा ऐकू आले आणि किती गोळ्या चुकल्या ते लिहा. डोस वाढवायचा की तसाच ठेवायचा, हे डॉक्टर त्या मागच्या बाजूवरून ठरवतील. एमआरआयची फिल्म कपाटात राहिली तरी चालेल.